जुनी हार्डटेल निवडताना धातू शेवटी बघा, आधी फोर्कची लांबी बघा

१९९० च्या आसपासच्या माउंटन बाइकच्या, म्हणजे डोंगरात चालवायच्या सायकलींच्या, दोन फ्रेम समोर आहेत, एक स्टीलची आणि एक अ‍ॅल्युमिनियमची, दोन्ही २६ इंची चाकांच्या, दोन्ही हार्डटेल म्हणजे मागे सस्पेन्शन नाही, आणि यातली एक बांधून खरंच डोंगरात चालवायचीय. कुणालाही विचारा, पहिलं उत्तर येतं की स्टील घे, स्टील मऊ चालतं, अ‍ॅल्युमिनियम अंग ठेचून काढतं. मला हे पटत नाही. धातूचं नाव सगळ्यात शेवटी बघायचं, त्याआधी नळ्यांचा आकार, फ्रेमचे कोन आणि तिचं आयुष्य कसं गेलंय ते बघायचं, आणि यामागे सरळ फिजिक्स आहे.

धातू किती ताणला की किती लांबतो याचं माप म्हणजे यंग्ज मॉड्युलस. स्टीलचा साधारण २०५ गिगापास्कल, टायटॅनियमचा १०० च्या थोडा पुढे, अ‍ॅल्युमिनियमचा ६९-७०. म्हणजे ज्याला सगळे कडक म्हणतात तो अ‍ॅल्युमिनियमच तिघांत सगळ्यात लवचिक धातू आहे! घनता बघा, स्टील ७.८५, टायटॅनियम ४.५, अ‍ॅल्युमिनियम २.७. मॉड्युलसला घनतेने भागलं की तिघांचाही आकडा २३ ते २६ च्या आसपासच येतो. मग अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम कडक लागते ती कशामुळे? नळीच्या व्यासामुळे. पातळ पत्र्याच्या नळीचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या घनाप्रमाणे वाढतो, वजन मात्र व्यासाच्या प्रमाणातच वाढतं. पत्र्याची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला तर वजन दुप्पट, पण ताठपणा आठपट.

हिशोब करून बघू. ३१.८ मिमी व्यासाची, ०.८ मिमी जाडीची स्टीलची डाउन ट्यूब (हँडलकडून खाली पेडलकडे येणारी नळी) घ्या आणि तिच्या शेजारी ४४.५ मिमी व्यासाची, १.५ मिमी जाडीची अ‍ॅल्युमिनियमची ठेवा. दुसरीचं वजन दहा टक्क्यांनी कमी भरतं आणि ती वाकायला दीडपटीहून जास्त ताठ निघते. क्लाइन आणि कॅननडेल या सायकल कंपन्यांच्या जाडजूड नळ्यांचं गणित हेच होतं. आणि स्टीलच्या फ्रेमवर रेनॉल्ड्स ५३१, टँगे प्रेस्टीज, रेनॉल्ड्स ८५३ असे जे स्टिकर असतात त्यांवरून ताकदीत फरक पडतो, मॉड्युलसमध्ये जवळपास नाही. चांगल्या प्रतीचं स्टील जास्त ताकदवान म्हणून नळीचा पत्रा पातळ ठेवता येतो, पातळ म्हणून फ्रेम हलकी होते आणि थोडी जास्त लवचिकही वाटते, एवढाच त्या स्टिकरचा अर्थ.

बरं, मऊ चालतं म्हणतात ते तरी कुठून येतं? फ्रेमचा मागचा भाग त्रिकोण आहे, आणि त्रिकोण उभ्या दिशेने दबत नाही, मग तो कुठल्याही धातूचा असो. हादरा खातो तो मुख्यतः टायर, मग सीट आणि बाहेर काढलेला लांब सीटपोस्ट. टायरमधली हवा थोडी कमी केली तर जो फरक पडतो तो धातू बदलून पडत नाही. फ्रेमचं वाकणं जाणवतं ते आडव्या दिशेने, उभं राहून जोर लावून चढताना, आणि तिथे पातळ नळ्यांची स्टील फ्रेम खरंच वेगळी लागते, हे मी नाकारत नाही.

आता कोन, आणि माझ्या मते जुनी फ्रेम निवडण्यातला खरा मुद्दा हाच आहे. कॅलिफोर्नियात मरिन काउंटीमध्ये १९७६ पासून रीपॅक नावाच्या उतारावर शर्यती व्हायच्या, जुन्या जाडजूड क्रूझर सायकलींवर. त्या मोडायच्या, म्हणून जो ब्रीझने १९७७ मध्ये क्रोमोलीच्या (क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं स्टील) नळ्यांची मुद्दाम डोंगरासाठी सायकल बांधली, आणि १९८१ मध्ये स्टंपजंपर नावाची सायकल आली ती कारखान्यात मोठ्या संख्येने बनून. सुरुवातीच्या या सायकलींचे हेड अँगल (हँडलखालची हेड ट्यूब जमिनीशी करते तो कोन) चांगलेच पडते होते, उतारासाठीच ना. पुढे क्रॉस-कंट्री रेसिंग वाढलं तसे कोन उभे होत गेले आणि ८० च्या दशकाच्या शेवटी हेड ७१ अंश, सीट ट्यूब (सीटखालची नळी) ७३ अंश हे जवळपास ठरूनच गेलं. हे कोन काढले होते ते साध्या, सस्पेन्शन नसलेल्या फोर्कसाठी (पुढचं चाक धरणारा चिमटा), ज्याची अ‍ॅक्सलपासून क्राउनपर्यंतची (चाकाच्या आसापासून चिमट्याच्या वरच्या जोडापर्यंतची) लांबी साधारण ३९५ मिमी असायची. १९९० च्या सुमारास रॉकशॉक्स कंपनीचा आरएस-१ हा सस्पेन्शन फोर्क बाजारात आला, जेमतेम ५० मिमी ट्रॅव्हलचा, म्हणजे तेवढाच दबणारा, मग हळूहळू फ्रेम बनवणारे पुढचा भाग उंच फोर्कच्या हिशोबाने काढायला लागले.

लोक करतात काय, तर १९८९ ची फ्रेम घेतात आणि तिला आजचा १०० मिमी ट्रॅव्हलचा फोर्क लावतात, ज्याची लांबी ४७० मिमीच्या आसपास असते. पुढचं टोक ७५ मिमीने वर गेलं, व्हीलबेस (दोन चाकांच्या आसांमधलं अंतर) १०५० मिमी धरला तर अख्खी फ्रेम चार अंशांनी मागे कलली. हेड ७१ चा ६७, सीट ट्यूब ७३ ची ६९, बॉटम ब्रॅकेट (पेडलांचा आस बसतो ती जागा) सुमारे ३० मिमी उंच. आता स्टीयरिंगची रेषा जमिनीला जिथे लागते आणि टायर जिथे टेकतो त्यांच्यातलं अंतर, ज्याला ट्रेल म्हणतात, ते ३८ मिमी ऑफसेट (चाकाचा आस स्टीयरिंगच्या रेषेपुढे असतो ते अंतर) धरून ७३ मिमीवरून जवळजवळ ९९ मिमीवर जातं. वर बसल्यावर फोर्क थोडा दबतो, त्यामुळे सगळाच फरक राहत नाही हे खरं, पण चढाला पुढचं चाक भरकटतं आणि वजन मागे पडतं ते याचमुळे. त्यातून लांब फोर्क म्हणजे लांब दांडा, हेड ट्यूबच्या जोडावर येणारा ताण साधारण पाचव्या हिश्शाने वाढतो, आणि हा जोड त्यासाठी बनवलेलाच नव्हता. म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायचा तो हाच, की मूळ फोर्क किती लांब होता.

धातू खरा महत्त्वाचा ठरतो तो म्हातारपणी. तार मागेपुढे वाकवत राहिलं की तुटते तसा प्रत्येक धातू थकतो, एकोणिसाव्या शतकात जर्मनीत वोलर यांनी रेल्वेच्या अ‍ॅक्सलवर हे पद्धतशीर तपासलं. स्टीलला एक मर्यादा असते, ताण तिच्या खाली ठेवला तर ते जवळपास कितीही आवर्तनं सोसतं, अ‍ॅल्युमिनियमला तशी स्पष्ट मर्यादा नाही, छोटा ताणसुद्धा हिशोबात जमा होत राहतो. पण चांगल्या अ‍ॅल्युमिनियम फ्रेममध्ये नळ्या जाड ठेवून ताणच इतका कमी केलेला असतो की त्या तीस वर्षांनीही धडधाकट सापडतात. उलट स्टीलमध्ये आतून गंजाचा खड्डा पडला की ताण तिथे एकवटतो आणि ती मर्यादा खाली येते. टायटॅनियमला गंजाची भीती नाही, पण वेल्डिंग करताना हवा लागली तर जोड ठिसूळ होतो, त्यामुळे जोडाच्या कडेला निळसर रंग दिसला तर मी ती फ्रेम घेणार नाही.

म्हणून फ्रेम उन्हात नेऊन बोटाने चाचपा. डाउन ट्यूबच्या खालच्या बाजूला, हेड ट्यूबच्या मागे रंगाला सुरकुत्या किंवा फुगवटा असेल तर समोरून आदळलेली आहे. सीट ट्यूबच्या वरच्या चिरेपासून निघणारा तडा, चेनस्टेवर (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणारी नळी) बॉटम ब्रॅकेटजवळ चेनने खाल्लेली खाच, ड्रॉपआउटच्या (मागचं चाक अडकतं ती पट्टी) जोडाजवळची केसासारखी रेघ, हे सगळं बघा. स्टीलला तडा असेल तर चांगला फ्रेमबिल्डर नळी बदलून देतो, अ‍ॅल्युमिनियमला नंतर वेल्ड केलं तर उष्णतेने त्या भागाची ताकद जाते आणि पुन्हा हीट ट्रीटमेंट करणं बहुतेकांच्या आवाक्यात नसतं.

सीटपोस्ट हलतो का हे पैसे देण्याआधीच बघा. स्टीलच्या फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट वर्षानुवर्षं ग्रीसशिवाय राहिला की दोन धातू आणि ओलावा मिळून बॅटरीच तयार होते, ऑक्साइड फुगतं आणि पोस्ट चिकटून बसतो. मागच्या चाकाचा हब बसतो तिथली रुंदी १३० मिमी असेल तर स्टीलमध्ये ती १३५ करून घेता येते, अ‍ॅल्युमिनियममध्ये अजिबात करू नका. हेडसेट, म्हणजे फोर्क ज्यावर फिरतो ती बेअरिंग, एक इंच, सव्वा इंच किंवा मधला १⅛ इंच असतो, या मधल्या मापाचे पार्ट सगळ्यात सहज मिळतात. ८० च्या दशकाच्या उत्तरार्धात काही वर्षं मागचा यू-ब्रेक चेनस्टेच्या खाली लावायची पद्धत होती, तिथे चिखल अडकतो, मी ते टाळेन.

मला विचाराल तर १९९३ ते ९७ मधली चांगल्या क्रोमोलीची फ्रेम घ्या, जी ६० ते ८० मिमी ट्रॅव्हलच्या फोर्कसाठी काढलीय, १⅛ इंची हेडसेट, मागे १३५ मिमी, आणि कँटिलिव्हर ब्रेकचे बॉस (ब्रेक बसवायचे खुंट) शाबूत, म्हणजे १९९६ च्या सुमारास आलेले व्ही-ब्रेक थेट बसतील. पण अशी स्टील मिळाली नाही आणि शेजारी एखादी जीटी झास्कर तडा न गेलेली, पोचा न पडलेली, मूळ फोर्कसकट उभी असेल, तर केवळ अ‍ॅल्युमिनियम आहे म्हणून तिला सोडू नका, तिच्यात मावेल तेवढा रुंद टायर घालून हवा थोडी कमी ठेवा आणि तीच चालवा.