निळ्या गोळ्यांवर दोनदा आलेली बंदी

बिनशंखाच्या गोगलगायी मारण्यासाठी कोंड्यात आर्सेनिकयुक्त पॅरिस ग्रीन कालवून ठेवण्याची पद्धत १९३० च्या दशकात मागे पडली, ती मेटाल्डिहाइडमुळे. मुळात हे छोट्या स्टोव्हचे घन इंधन. त्याच्या वड्यांपाशी गोगलगायी मरून पडलेल्या कुणाला तरी दिसल्या, अशी कथा सांगितली जाते. पुढे त्याच्या निळ्या गोळ्या आल्या. गोळी खाल्लेली गोगलगाय भसाभस चिकटा सोडते, तिथेच वळवळते आणि सुकून मरते. पाऊस पडला तर मात्र सावरते. मिथिओकार्ब हे दुसरे गोगलगायनाशक १९६० च्या दशकातले. युरोपात गोगलगायींसाठीचा त्याचा वापर २०१४ मध्ये बंद झाला.

खरा वाद पेटला ब्रिटनमध्ये. गोगलगायींचा उपद्रव ओल्या शरद ऋतूत, मोहरीवर्गीय रेप आणि गव्हाच्या कोवळ्या रोपांवर. गोळ्या टाकायच्या तेव्हाच, आणि शेतातले चर वाहतात तेही तेव्हाच. मेटाल्डिहाइड पाण्यात उतरते आणि जलशुद्धीकरणातल्या सक्रिय कार्बनला फारसे दाद देत नाही. पिण्याच्या पाण्यात कुठल्याही एका कीटकनाशकाची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम. हा आकडा विषारीपणा मोजून ठरलेला नाही, सगळ्यांना सरसकट लावलेला आहे. पण ओलांडला की ओलांडलाच. ओढ्याकाठचे पट्टे गोळ्या न टाकता सोडण्याचे स्वेच्छा नियम झाले, तरी पाण्याच्या नमुन्यांत मेटाल्डिहाइड सापडतच राहिले.

एवढी वर्षे ओरड पाण्याची. डिसेंबर २०१८ मध्ये बंदी जाहीर झाली, तेव्हा कारण दिले पक्षी आणि सस्तन प्राण्यांना असलेल्या धोक्याचे! उत्पादक कोर्टात गेले आणि जुलै २०१९ मध्ये बंदी रद्द झाली. गोळ्या पुन्हा बाजारात. सप्टेंबर २०२० मध्ये तीच बंदी परत आली: विक्री ३१ मार्च २०२१ पर्यंत, वापर ३१ मार्च २०२२ पर्यंत. निर्णय योग्यच होता. पण आधी साठा संपवा, मग विकत घ्या, मग पुन्हा संपवा, यात शेतकऱ्यांची फरफट झाली, ती टाळता आली असती.

आता भिस्त फेरिक फॉस्फेटवर. ते खाल्ल्यावर गोगलगायीचे खाणे थांबते आणि ती जमिनीत शिरून मरते. वर मेलेल्या गोगलगायी दिसत नाहीत म्हणून ‘औषध लागू पडत नाही’ अशी तक्रार होते. पाने कुरतडायची थांबली का, ते बघायला हवे. नुसते फेरिक फॉस्फेट तसे फारसे मारक नसते. अनेक गोळ्यांत त्याला ईडीटीएसारख्या चिलेटची (धातूला धरून ठेवणाऱ्या रसायनाची) जोड असते, आणि या जोडीचा गांडुळांवर परिणाम प्रयोगांत दिसला आहे. तरीही सक्रिय घटक म्हणून नोंद होते ती फक्त फेरिक फॉस्फेटची.