कोस्टा रिका: 'डिसेंबर ते एप्रिलच जा' हे कितपत खरं?

मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकाबद्दल 'मे ते नोव्हेंबर तिथे पाऊस, म्हणजे पैसे पाण्यात' असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे खरं आहे ते मुख्यतः पश्चिमेकडच्या पॅसिफिक बाजूपुरतं, आणि तिथेही बहुतेकदा सकाळी ऊन, दुपारनंतर सरी. पूर्वेकडच्या कॅरिबियन बाजूचं गणित वेगळंच. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पॅसिफिक झोडपला जात असताना तिथल्या काउइता, पुएर्तो विएहो या गावांकडे तुलनेने उघडीप असते. वर हॉटेलं स्वस्त!

बजेट कोलमडतं ते भलतीकडेच. भाड्याच्या गाडीचा ऑनलाइन दर बघून हुरळू नका. सक्तीचा थर्ड पार्टी विमा बऱ्याचदा त्यात धरलेला नसतो. जेवायला 'सोदा' म्हणजे साधी खानावळ गाठा. 'कासादो' मागवलं की भात, काळा घेवडा, तळलेलं केळं, कोशिंबीर आणि मासा किंवा चिकन, सगळं एकाच ताटात.