घरोघरी नवजात बाळसेवा (ठाणे जिल्हा)

बाळ जन्मल्यापासून २८ दिवसांचे होईपर्यंत त्याला नवजात म्हणतात. गावातल्याच प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्तीने ठरलेल्या दिवशी बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासायचे, आईला काळजी शिकवायची आणि धोका दिसताच बाळाला रुग्णालयात पाठवायचे, ही घरोघरी नवजात बाळसेवा. ठाणे जिल्ह्यात तिची सर्वाधिक गरज शहापूर, मुरबाड आणि भिवंडी तालुक्यांतल्या वारली, कातकरी, ठाकूर व महादेव कोळी पाड्यांवर आहे. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा धरणे शहापुरातलीच; पण त्याच तालुक्यात काही पाड्यांवरून अडलेल्या बाईला अजूनही झोळी करून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते, हे वास्तव मन अस्वस्थ करणारे आहे.

ही पद्धत गडचिरोलीत घडली. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवले. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथला नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये केंद्र सरकारने हे काम देशभरातल्या आशांकडे, म्हणजे गावागावातल्या सरकारी आरोग्य योजनेच्या स्वयंसेविकांकडे, सोपवले. आरोग्यदूत जंतुदोषावर इंजेक्शनही देत. आशांकडे मात्र मुख्यतः धोका ओळखण्याचे आणि बाळ वेळेत पुढे पाठवण्याचे काम आले.

प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट असते. घरी झाली तर पहिल्या दिवसाची भेट वाढते. आशाताई आधी साबणाने हात धुते. बाळाला कापडी झोळीत घालून काट्यावर वजन करते, काखेत थर्मामीटर लावते, पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. शांत असलेल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त भरले, छाती आत ओढली जात असली, बाळ गार पडले किंवा त्याने अंगावर पिणे सोडले, तर थांबायचे नाही. १०८ ला फोन करायचा. जन्मवजन अडीच किलोपेक्षा कमी असेल तर ऊब फार महत्त्वाची. बाळाला उघड्या अंगाने आईच्या छातीशी धरून वरून लुगडे गुंडाळायचे. आई दमली की आजीनेही धरावे, बापानेही धरावे.

खरे कौशल्य लागते ते घरातल्या मोठ्यांशी बोलताना. चीक (आईचे पहिले घट्ट दूध) पिळून टाकणे, मध किंवा गुळाचे पाणी चाटवणे, लगेच आंघोळ घालणे, नाळेला राख लावणे या सवयी सासू किंवा सुईण मायेनेच जपत असते. तिला चुकीची ठरवून काहीच साधत नाही. नवजात मृत्यूंपैकी बहुतांश पहिल्याच आठवड्यात होतात; पाचवीला सटवाई पुजून रात्र जागवण्याच्या रूढीत त्या भीतीची जुनी जाणीव असावी, असे वाटते. त्या दिवशी आईची माणसेही जमलेली असतात, म्हणून आशेला ती बोलायला चांगली संधी ठरते.

जिल्ह्यातला मोठा अडथळा स्थलांतराचा आहे. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. बाळ भट्टीवर जन्मले तर पाड्यावरच्या आशेला ते दिसत नाही आणि भट्टीकडच्या यादीत आईचे नाव नसते. भेटींच्या संपूर्ण मालिकेसाठी २०११ मध्ये २५० रुपये मोबदला ठरला. मालिका तुटली की आशेचे कष्टही वाया जातात. गर्भवती भट्टीवर निघतानाच तिच्या आशेने तिकडच्या आशेला फोनवर नाव, प्रसूतीची अंदाजे तारीख आणि भट्टीचा ठिकाणा कळवावा, आणि भेटींचा मोबदला जिथे बाळ आहे तिथल्या आशेला मिळावा, एवढी तजवीज प्रत्येक हंगामाआधी व्हायला हवी.