पार्श्वभूमी : घटनेत नसलेलं मंत्रिमंडळ

अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अध्यक्षपदाचं मतदान होतं आणि शपथविधी असतो २० जानेवारीला. मधले अडीच महिने नुसते नावांचे. परराष्ट्र खातं कुणाकडे, अर्थ कुणाला, कुणाची वर्णी लागणार, कुणाचा पत्ता कापला जाणार! वर्तमानपत्रं याद्या छापतात, हौशी वाचक स्वतःच्या याद्या करतात आणि गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेली मंडळी फोनकडे डोळे लावून असतात. आपल्याला खातेवाटपाच्या चर्चांची सवय असल्याने हे सगळं ओळखीचं वाटतं. पण हे साम्य वरवरचं आहे. आपल्याकडे मंत्री झाल्यावर माणसाचं वजन वाढतं. तिकडे ते बहुतेक वेळा ‘हो’ म्हणण्याच्या आधीच सर्वांत जास्त असतं, आणि शपथ घेतल्यावर उतरणीला लागतं.

याचं मूळ १७८७ च्या उन्हाळ्यात आहे. फिलाडेल्फियात घटना लिहिली जात असताना अध्यक्षाला सल्लागार मंडळ असावं, अशी मागणी झाली होती. व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन यांना तर देशाच्या तिन्ही भागांतून दोन-दोन असे सहा सल्लागार हवे होते. ते काही जमलं नाही. शेवटी घटनेत एवढंच उरलं की अध्यक्ष खातेप्रमुखांकडून त्यांच्या कामाबद्दल लेखी अभिप्राय मागू शकेल. नेमणुका अध्यक्षाने करायच्या, संमती सिनेटने, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने द्यायची. आणि काँग्रेसचा, म्हणजे तिकडच्या संसदेचा सदस्य असताना कुणालाही सरकारी पद घेता येणार नाही. मंत्रिमंडळ नावाची संस्था, तिची सामूहिक जबाबदारी, बैठकीतलं बहुमत, यांतलं काहीच घटनेत नाही.

जॉर्ज वॉशिंग्टन यांनाही सुरुवातीला असं मंडळ नकोच होतं. सल्ला द्यायला सिनेट आहे, असं त्यांनी धरलं होतं. २२ ऑगस्ट १७८९ रोजी ते युद्धमंत्री हेन्री नॉक्स यांना बरोबर घेऊन न्यूयॉर्कमध्ये सिनेटच्या दालनात गेले. विषय होता क्रीक आदिवासींशी करायच्या कराराचा. उपाध्यक्ष जॉन अॅडम्स कागद वाचू लागले, पण बाहेर रस्त्यावरून गाड्यांचा खडखडाट एवढा, की कुणाला काही धड ऐकू येईना. पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर विल्यम मॅक्ले उठले आणि संबंधित कागदपत्रं आधी वाचून दाखवा म्हणाले. पाठोपाठ कुणीतरी प्रकरण समितीकडे पाठवा, असं सुचवलं. वॉशिंग्टन ताडकन उठले. मी इथे आलो त्याचा उद्देशच यामुळे फसतोय, असं म्हणाले. हा सगळा प्रसंग मॅक्ले यांनी आपल्या डायरीत टिपून ठेवला आहे. सोमवारी वॉशिंग्टन परत आले, काम उरकलं आणि त्यानंतर असा सल्ला मागायला सिनेटची पायरी पुन्हा चढले नाहीत.

नेमणुकांच्या बाबतीत मात्र तेच सिनेट तेव्हा भलतंच सोयीचं होतं. ११ सप्टेंबर १७८९ ला अलेक्झांडर हॅमिल्टन यांचं नाव अर्थखात्यासाठी गेलं आणि त्याच दिवशी मंजूर होऊन आलं. परराष्ट्र खातं थॉमस जेफरसन यांच्याकडे, कायद्याचं काम एडमंड रँडॉल्फ यांच्याकडे. नॉक्स धरून एकूण चारजण. पूर्ण मंडळाची पहिली बैठक व्हायला २६ नोव्हेंबर १७९१ उजाडलं. फ्रान्स आणि ब्रिटन यांच्या युद्धात अमेरिकेने काय भूमिका घ्यावी, हा प्रश्न १७९३ मध्ये आला तेव्हा वॉशिंग्टननी सर्वोच्च न्यायालयाचाही सल्ला मागून पाहिला. न्यायमूर्तींनी तो द्यायला नकार दिला. सिनेट गेलं, न्यायालय गेलं, उरले हे चौघे. मंत्रिमंडळ जन्माला आलं ते असं, दुसरा मार्गच न उरल्याने. त्या बैठकांत आपल्याला आणि हॅमिल्टनना रोज कोंबड्यांसारखं झुंजवलं जायचं, असं जेफरसननी पुढे लिहिलं. १७९३ संपता संपता त्यांनी राजीनामा दिला.

जे घटनेत नाही ते वापरायचं की गुंडाळून ठेवायचं, हे मग प्रत्येक अध्यक्ष आपल्या स्वभावाप्रमाणे ठरवत गेला. अँड्र्यू जॅक्सन यांनी अधिकृत बैठका जवळजवळ बाजूला टाकल्या आणि दोस्तमंडळींच्या सल्ल्याने कारभार हाकला. विरोधकांनी या कंपूला ‘किचन कॅबिनेट’ म्हणून हिणवलं. युद्धमंत्री जॉन ईटन यांच्या पत्नीला इतर मंत्र्यांच्या बायका घरी बोलवेनात, एवढ्या कारणावरून पेटलेल्या भांडणात १८३१ साली अख्खं मंत्रिमंडळ बदललं, एक पोस्टमास्तर जनरल तेवढे वाचले. या सगळ्यात फायदा झाला तो विधुर असलेल्या मार्टिन व्हॅन ब्यूरेन यांचा. त्यांनी ईटन दांपत्याची बाजू घेतली, राजीनामाही आधी दिला आणि पुढे ते उपाध्यक्ष, मग अध्यक्ष झाले.

लिंकन यांनी याच्या नेमकं उलट केलं. १८६० मध्ये पक्षाच्या उमेदवारीसाठी ज्यांच्याशी लढत झाली त्या सिवर्ड, चेस, बेट्स आणि कॅमरन या चौघांनाही त्यांनी खाती दिली. कॅमरन यांचं जमेना, तेव्हा १८६२ मध्ये युद्धखातं एडविन स्टँटन यांना दिलं. हे विरोधी पक्षाचे. १८५५ च्या एका खटल्यात त्यांनी लिंकन वकिलांना हिंग लावूनही विचारलं नव्हतं.

पुढे याच स्टँटनवरून अध्यक्षाला घरी जायची वेळ आली. लिंकन यांच्या हत्येनंतर अँड्र्यू जॉन्सन अध्यक्ष झाले आणि यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेच्या पुनर्रचनेवरून त्यांचं काँग्रेसशी बिनसलं. १८६७ मध्ये काँग्रेसने कायदाच केला, की सिनेटच्या संमतीने नेमलेल्या माणसाला सिनेटला न विचारता काढता येणार नाही. फेब्रुवारी १८६८ मध्ये जॉन्सन यांनी स्टँटनना बडतर्फ केलं आणि लोरेन्झो थॉमस या वयस्कर सेनाधिकाऱ्याला त्यांच्या जागी पाठवलं. स्टँटन कार्यालय सोडायला तयार होईनात, तिथेच मुक्काम ठोकून बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी थॉमस यांना पोटात अन्नाचा कण नसताना अटक झाली. जामिनावर सुटून ते थेट स्टँटनसमोर गेले आणि म्हणाले, पुढच्या वेळी अटक करवाल तेव्हा निदान काही खाऊन तरी घेऊ द्या. स्टँटननी त्यांच्या गळ्यात हात टाकला, व्हिस्की मागवली आणि दोघं प्यायले. या बडतर्फीवरून जॉन्सन यांच्यावर महाभियोग चालला, त्यातल्या साक्षीत थॉमस यांनीच ही हकीकत सांगितली आहे. जॉन्सन त्या महाभियोगातून एका मताने वाचले. तो कायदा १८८७ मध्ये रद्द झाला, आणि काढून टाकण्याचा अधिकार अध्यक्षाचाच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९२६ मध्ये स्पष्ट केलं.

म्हणजे मंत्री अध्यक्षाच्या मर्जीवर, त्याच्या पाठीशी सभागृहातलं बहुमत नाही आणि स्वतःचा मतदारसंघही नाही. मिशिगनमधून निवडून गेलेले बेळगावचे श्री ठाणेदार यांना उद्या खातं मिळालं, तर आधी प्रतिनिधिगृहाची जागा सोडावी लागेल. आपल्याकडे उलट, सभागृहात नसलेल्या मंत्र्याला सहा महिन्यांत सदस्य व्हावंच लागतं. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर नेमके याच फरकावर बोलले होते. अमेरिकेचा अध्यक्ष आपल्या कुठल्याही मंत्र्याला केव्हाही काढू शकतो, भारताच्या राष्ट्रपतीला बहुमत पाठीशी असलेल्या मंत्र्यांना तसं काढता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. स्थैर्य आणि जबाबदारी दोन्ही एकाच वेळी सारख्या प्रमाणात मिळत नाहीत. मसुद्याने जबाबदारीला झुकतं माप दिलं, हे त्यांनी उघडपणे मांडलं.

म्हणून तिकडे खरा सौदा होतो तो नेमणुकीआधी, आणि हुशार माणसं तो तेव्हाच करून घेतात. फ्रान्सिस पर्किन्स यांचं उदाहरण मला यात सगळ्यांत बोलकं वाटतं. फेब्रुवारी १९३३ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी त्यांना कामगारखातं देऊ केलं. त्या भेटीला गेल्या त्या मुद्दे लिहिलेल्या चिठ्ठ्या घेऊनच. कामाच्या तासांवर मर्यादा, किमान वेतन, बालमजुरीवर बंदी, बेकारी विमा, वृद्धांना निवृत्तिवेतन. हे करायचं असेल तरच मी येते, असा त्यांचा रोख होता. रूझवेल्टनी मान्य केलं. पर्किन्स अमेरिकेच्या पहिल्या महिला मंत्री झाल्या, पूर्ण बारा वर्षं टिकल्या, आणि १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा व १९३८ चा किमान वेतनाचा कायदा मिळून त्या चिठ्ठ्यांमधलं बरंचसं प्रत्यक्षात आलं. १९६० च्या अखेरीस रॉबर्ट मॅकनमारा यांनीही केनेडींकडे अटी घातल्या. फोर्ड कंपनीचे अध्यक्ष होऊन त्यांना जेमतेम महिना झाला होता. संरक्षण खात्यातली आपली माणसं आपणच निवडणार, हे त्यांनी आधी कबूल करून घेतलं. अर्थात सौदा पक्का असला म्हणजे धोरण शहाणपणाचं असतंच असं नाही. व्हिएतनाम त्यांच्याच काळात चिघळलं.

या सौद्याला वेळ किती मिळतो, हेही बदलत गेलं. पूर्वी शपथविधी ४ मार्चला व्हायचा. १९३२-३३ च्या हिवाळ्यात बँका धडाधड कोसळत होत्या, जुना अध्यक्ष हतबल होता आणि नव्याच्या हाती अजून सूत्रं नव्हती. विसाव्या घटनादुरुस्तीने ही तारीख २० जानेवारीवर आणली, ती १९३७ पासून लागू झाली. संक्रमणाच्या कामासाठी सरकारी पैसा मात्र १९६३ च्या कायद्यानंतरच मिळू लागला.

राहता राहिलं सिनेट. उघड मतदानाने त्याने आजवर मंत्रिपदाची नऊच माणसं नाकारली आहेत, आणि त्यातली चार एकट्या जॉन टायलर यांची. ३ मार्च १८४३ रोजी टायलर यांनी केलेब कुशिंग यांचं नाव अर्थखात्यासाठी एकाच दिवसात तीनदा पाठवलं. पहिल्या खेपेला बाजूने १९ मतं पडली, दुसऱ्या खेपेला १० आणि तिसऱ्या खेपेला २. हट्टाला औषध नाही! १९२५ मध्ये चार्ल्स वॉरेन यांच्यावर ४०-४० अशी बरोबरी झाली. निर्णायक मत उपाध्यक्ष चार्ल्स डॉज यांचं, आणि ते आज मतदान होणार नाही असं समजून हॉटेलात डुलकी काढायला गेलेले. धावतपळत येईपर्यंत एकाने मत फिरवलं आणि वॉरेन पडले. शेवटचा असा नकार १९८९ मधला. सिनेटच्याच संरक्षणविषयक समितीचे माजी अध्यक्ष जॉन टॉवर ५३ विरुद्ध ४७ मतांनी हरले. त्यांच्या जागी संरक्षणमंत्री म्हणून डिक चेनी आले, पुढे ते उपाध्यक्ष झाले, आणि त्यानंतरचा इतिहास आपल्याला माहीत आहे.

तेव्हापासून वाद झाला की उमेदवार स्वतःच माघार घेतो, मतदानाची वेळ येऊ देत नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात ट्रम्प यांनी कायदेखात्यासाठी निवडलेले मॅट गेट्झ यांनी तेच केलं. २०१३ मध्ये डेमोक्रॅटिक बहुमताने नियम बदलल्यामुळे नेमणुकीवरची चर्चा थांबवायलाही साधं बहुमत पुरू लागलं. त्याचा फायदा पुढे दुसऱ्या पक्षानेही घेतला. २०१७ मध्ये शिक्षणखात्याच्या बेट्सी डेव्हॉस यांच्यावर ५०-५० झालं आणि माइक पेन्स यांच्या मताने त्या मंत्री झाल्या. मंत्रिपदासाठी उपाध्यक्षाला मत द्यावं लागण्याची ती पहिलीच वेळ. २०२५ च्या जानेवारीत संरक्षणखात्याचे पीट हेगसेथ यांच्यासाठी जे. डी. व्हान्स यांनी तेच केलं.

आणखी एक वाट आहे, कार्यवाहक मंत्र्याची. १९९८ च्या कायद्याने रिकामं पद मर्यादित काळासाठी सिनेटला न विचारता भरता येतं. आपल्याला कार्यवाहक माणसंच बरी वाटतात, त्यात लवचीकता असते, असं डोनाल्ड ट्रम्प २०१९ मध्ये उघड म्हणाले होते. अशा माणसाला अटी घालण्याची सोय नसते आणि सुनावणीला सामोरं जाण्याची गरजही नसते. त्याच वर्षी जानेवारी ते जून पॅट्रिक शॅनहन यांनी संरक्षणखातं कार्यवाहक म्हणूनच सांभाळलं. त्यांना कायम करण्याचा इरादा मे महिन्यात जाहीर झाला खरा, पण नाव सिनेटकडे रीतसर जाण्याआधीच ते पायउतार झाले.