वास्को द गामाला नडलेला ऑक्टोबर

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मालिंदीहून वास्को द गामा २४ एप्रिल १४९८ रोजी निघाला आणि १८ मे रोजी त्याला मलबारचा किनारा दिसला. परतताना कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून त्याने ५ ऑक्टोबरला शिडं उभारली, तर आफ्रिकेची जमीन दिसायला २ जानेवारी १४९९ उजाडला. समुद्र तोच होता. पण जायला साडेतीन आठवडे लागले आणि यायला तब्बल ८९ दिवस.

याचं उत्तर आकाशात आहे. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकतो: दिवसा जमीन लवकर तापते आणि वारा समुद्राकडून येतो, रात्री उलटं होतं. मोसमी वाऱ्यांमागे हेच कारण आहे, फक्त इथे दिवस-रात्रीच्या जागी उन्हाळा-हिवाळा येतो आणि किनाऱ्याच्या जागी अख्खा आशिया खंड. उन्हाळ्यात खंड तापला की तिथला हवेचा दाब उतरतो. दक्षिण गोलार्धातली हवा विषुववृत्त ओलांडून तिकडे धाव घेते, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळते आणि सोमालियाच्या किनाऱ्यालगत जोर धरून नैर्ऋत्येकडून आपल्याकडे येते. हिवाळ्यात खंड थंड झाला की वारा ईशान्येकडून आफ्रिकेकडे वाहू लागतो.

या दोहोंच्या मधला महिना म्हणजे ऑक्टोबर. जुना वारा सरलेला असतो, नवा अजून स्थिरावलेला नसतो. अरब, गुजराती आणि स्वाहिली नाखवांना हे शतकानुशतकं ठाऊक होतं, म्हणून आफ्रिकेकडे जाणारी गलबतं ईशान्येचा वारा पक्का होईपर्यंत थांबत. गामा येताना मालिंदीत मिळालेल्या वाटाड्याच्या भरवशावर आला होता. परतताना त्याने हंगामाची वाट पाहिली नाही.

किंमत माणसांनी मोजली. कधी वारा पडलेला, कधी समोरून येणारा. ताजं अन्न संपलेलं. माणसाचं शरीर क जीवनसत्त्व स्वतः बनवू शकत नाही आणि ते मिळालं नाही तर कोलॅजेन हे प्रथिन नीट तयार होत नाही. तेच तर हिरड्या, रक्तवाहिन्या, त्वचा धरून ठेवतं. दोन-तीन महिन्यांत हिरड्या सुजतात, रक्त येऊ लागतं, जुन्या जखमा उघडतात. हाच स्कर्व्ही. या एका टप्प्यात सुमारे ३० खलाशी गेले. जहाज हाकायला धडधाकट माणसं प्रत्येक गलबतावर सात-आठच उरली, म्हणून पुढे ‘साओ राफाएल’ हे जहाज जाळून टाकावं लागलं. मालिंदीत पोचल्यावर त्यांनी आधी मागवली ती संत्री! कारण माहीत नव्हतं, गुण मात्र अनुभवाने कळला होता.

मला या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट: हिंदी महासागर युरोपीयांनी ‘शोधला’ नाही, तो चालवण्याचं शास्त्र इथे आधीच होतं. पोर्तुगिजांकडे तोफा होत्या, पण वाऱ्यापुढे त्या निरुपयोगी होत्या. १५१० साली अल्फोन्सो द अल्बुकर्कने गोवा घेतलं, मेमध्ये आदिलशाही फौजेने ते परत जिंकलं. माघार घेऊन आरमार मांडवीत उतरलं तोवर पावसाळा लागला होता. खवळलेल्या समुद्रामुळे नदीच्या मुखाबाहेर पडता येईना. किनाऱ्यावरून मारा होत होता, अन्न संपून उंदीर खायची वेळ आली. ऑगस्टमध्ये उघडीप मिळाल्यावरच ते सुटले आणि २५ नोव्हेंबरला, मोसम अनुकूल असताना, गोवा पुन्हा घेतलं.

पुढे पोर्तुगीज जहाजं लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये सुटू लागली, म्हणजे हिंदी महासागरात नैर्ऋत्येचा वारा सापडे. परतीची जहाजं साधारण डिसेंबर-जानेवारीत निघत. वारा फिरेपर्यंत महिनोन् महिने मुक्काम करायचा, तर गोदाम हवं, धक्का हवा आणि राखणीला किल्ला हवा. १५११ मध्ये मलय द्वीपकल्पावरचं मलाक्का बंदर आणि १५१५ मध्ये इराणच्या आखाताच्या तोंडावरचं होर्मुझ ताब्यात आलं. ज्या नाखवांच्या पिढ्यांनी हे वारे ओळखले होते, त्यांनाच आता त्या वाऱ्यावर शिडं उभारण्यासाठी ‘कार्ताझ’ नावाचा पोर्तुगीज परवाना विकत घ्यावा लागे. तो नसेल, तर जहाज मालासकट जप्त.