चढ-उतारावरील क्रूझ कंट्रोल आणि ऑटोमॅटिक गिअर

चालकाने ठरवून दिलेला वेग अ‍ॅक्सिलरेटरवर पाय न ठेवता टिकवून धरणारी मोटारीतील यंत्रणा म्हणजे क्रूझ कंट्रोल. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत सपाट रस्त्यावर ती निमूट काम करते. चढावर मात्र गिअर सारखे खाली-वर होतात, इंजिनाचा आवाज एकाएकी चढतो आणि उतारावर काटा ठरवलेल्या आकड्याच्या पुढे सरकतो.

सोलापूरच्या चालकाला हा अनुभव बहुधा तुळजापूरच्या घाटात येतो, कारण शहराभोवतीचा मुलूख बराचसा सपाट आहे. पुण्याकडून भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ असा येणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ उड्डाणपुलांचे चढ सोडले तर गिअरबॉक्सला फारसे काम देत नाही. महामार्ग ५२ ने उत्तरेकडे निघाले की सुमारे ४५ किलोमीटरवर, बालाघाटच्या रांगेवर तुळजापूर आहे. तामलवाडी मागे पडल्यावर डोंगर समोर दिसू लागतो आणि शेवटच्या टप्प्यात रस्ता घाट चढतो.

आजच्या क्रूझ कंट्रोलचे श्रेय अमेरिकन अभियंता राल्फ टीटर यांना देतात. लहानपणीच अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. शेजारी बसून प्रवास करताना चालकाच्या पायाची कमी-जास्त होणारी रेस त्यांना अंगावर जाणवे, त्यातून ही कल्पना निघाली असे सांगतात. १९५० मध्ये त्यांना पेटंट मिळाले आणि १९५८ च्या क्रायस्लर गाड्यांत ही सोय आली. ऑटोमॅटिक गिअर त्याआधीचा: १९४० च्या ओल्ड्समोबिलमध्ये हायड्रामॅटिक गिअरबॉक्स होता. दोन्ही यंत्रणा वेगवेगळ्या गरजांतून जन्मल्या, आणि चढावरचा त्यांचा बेबनाव समजून घेताना हे लक्षात ठेवावे लागते.

साध्या क्रूझ कंट्रोलला रस्ता दिसत नाही, फक्त वेग कळतो. चढ लागल्याचे त्याला वेग घटल्यावरच समजते. हिशेब करून पाहावा. १,२०० किलो वजनाच्या गाडीला सपाटीवर ताशी ८० किलोमीटर वेग राखायला ढोबळमानाने ८-९ किलोवॅट शक्ती पुरते. २० मीटर अंतरात १ मीटर उंची गाठणारा चढ आला, तर तेवढ्याच वेगाने ते वजन वर न्यायला आणखी १३ किलोवॅट लागतात. म्हणजे मागणी एकदम अडीच पट होते. वरच्या गिअरमध्ये मिनिटाला १,८०० फेऱ्यांवर चाललेल्या छोट्या इंजिनाला हे ओढवत नाही. काटा ८० वरून ७७ वर येतो, क्रूझ कंट्रोल रेस वाढवते, आणि गिअरबॉक्सचा संगणक वाढलेल्या रेसचा अर्थ ‘चालकाला ताकद हवी’ असा घेऊन एक-दोन गिअर पाडतो. इंजिन ३,५०० फेऱ्यांवर ओरडू लागते आणि काटा ८१ वर जातो. आता रेस कमी होते, ती पाहून गिअरबॉक्स पुन्हा वरचा गिअर टाकतो. चढ तर तसाच आहे. वेग पुन्हा पडतो आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते. या प्रकाराला ‘गिअर हंटिंग’ म्हणतात.

सरावलेल्या चालकाचा पाय असे करत नाही. त्याला पुढचे वळण दिसत असते, माथा किती दूर आहे याचा अंदाज असतो. ८० चे ७२ झाले तर तो होऊ देतो. उड्डाणपुलावर हा फरक लगेच कळतो. पूल संपत आलेला असताना क्रूझ कंट्रोल गिअर पाडून जोर लावते आणि माथ्यावर पोहोचताच तो जोर वाया जातो.

गिअरबॉक्सच्या जातीनुसार परिणाम बदलतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनाची ओढ तेलामार्फत पुढे पोहोचवणाऱ्या प्रकारात, गिअर सारखे बदलत राहिले, इंजिन थेट जोडून धरणारा आतला लॉक-अप क्लच सुटत राहिला, की तेल तापते. भारतात २०१४ च्या मारुती सेलेरिओपासून पसरलेल्या एएमटीत मूळ गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवते. त्यामुळे दर बदलाला ओढ क्षणभर तुटते आणि चढावर गाडी दम खाल्ल्यासारखी वाटते. सीव्हीटीत ठरावीक गिअरच नसल्याने हंटिंगचा धक्का बसत नाही, पण इंजिन एकाच चढ्या सुरात बराच वेळ ओरडत राहते. घाटात वाहतूक तुंबल्यावर एएमटी किंवा ड्युअल क्लच (दोन क्लचच्या गिअरबॉक्सची) गाडी नुसत्या रेसवर चढावर तोलून धरणे फार वाईट, क्लच जळतो. तिथे ब्रेकच दाबावा.

उपाय चढ सुरू होण्याआधी करायचा असतो. घाटाच्या पायथ्याशी क्रूझ कंट्रोल बंद करावे, मॅन्युअल मोडमध्ये तिसरा किंवा चौथा गिअर धरावा आणि पायाने रेस द्यावी. मॅन्युअल मोड नसेल तर गिअरच्या दांड्यावरचा ‘एस’ (स्पोर्ट) किंवा ‘एल’ (लो) वापरावा. लांब पण सौम्य चढावर क्रूझचा वेग पाच-दहाने उतरवला तरी हंटिंग पुष्कळदा थांबते. इंजिनाचा चढा आवाज ऐकून अनेक जण घाबरून वरचा गिअर टाकतात. त्याची गरज नाही. फेऱ्यांचा काटा लाल पट्ट्याच्या बराच अलीकडे असेल तर तो आवाज निरोगी आहे. कमी फेऱ्यांवर थरथरत ओढणारे इंजिन त्याहून जास्त त्रासात असते. चढ ओळखून गिअर धरून ठेवणारे गिअरबॉक्सही आता मिळतात, त्यांत हा त्रास बराच कमी आहे.

उतार अधिक काळजीचा. परतताना तुळजापूरहून घाट उतरताना साधे क्रूझ कंट्रोल फार तर रेस पूर्ण सोडते, ब्रेक लावत नाही. ६० वर लावलेली गाडी ७५ वर जाऊ शकते. ब्रेक दाबला की क्रूझ सुटते, आणि दाबून धरलेला ब्रेक तापून पकड सोडू लागतो. जुने ट्रकचालक ‘ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर’ असे शिकवतात. ते ऑटोमॅटिकलाही लागू आहे. खालचा गिअर धरला की इंजिनच गाडी अडवते. डिझेल-पेट्रोल वाचेल म्हणून न्यूट्रलवर गाडी सोडणे धोक्याचे आणि निरर्थकही आहे, कारण इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना रेस सोडली की इंधन जवळजवळ बंदच होते, न्यूट्रलवर मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहते.

‘रिझ्यूम’ बटणाची सवय घाटात विशेष घातक. ते दाबताच गाडी मघाच्या वेगाकडे धावते, मग पुढे वळण असो की उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत जाणारा ट्रॅक्टर. गळीत हंगामात सोलापूर जिल्ह्याच्या रस्त्यांवर असे ट्रॅक्टर रात्रीसुद्धा असतात, आणि कित्येकदा त्यांना मागचा दिवा नसतो. रडारवर चालणारे अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ पुढच्या गाडीशी अंतर राखते, पण तीव्र वळणावर पुढची गाडी त्याच्या नजरेतून सुटू शकते. कोजागरीच्या सुमारास सोलापूरहून हजारो भाविक तुळजापूरला पायी निघतात. त्या दिवसांत वाहतूक वळवली जाते, आणि आसपासच्या रस्त्यावर गाडी असलीच तर क्रूझ कंट्रोल बंदच असावे.