जिवंत पेशीतला एकेक आरएनए पाहणे

जिवंत पेशीत एकच आरएनए रेणू (जीनवरून उतरवलेली प्रत) चमकवून, तो हलत असताना त्याचा व्हिडिओ काढायची ही पद्धत. याआधी लोक लाखो पेशी फोडून आरएनए काढायचे आणि सरासरी मोजायचे, नाहीतर फिश (आरएनएला चिकटणारे चमकते तुकडे, म्हणजे प्रोब, लावून पाहणं) करायचे, पण फिशमध्ये पेशी फिक्स केलेली म्हणजे मेलेली असते, त्यामुळे रेणू कुठून निघाला, कुठे चालला हे काही समजत नाही.

आरएनए स्वतःहून चमकत नाही आणि हिरवं चमकणारं जीएफपी पडलं प्रोटीन, ते सरळ त्याला लावता येत नाही. यावर १९९८ मध्ये रॉबर्ट सिंगरच्या लॅबनं यीस्टमध्ये तोडगा काढला. एमएस२ नावाचा बॅक्टेरियाला धरणारा व्हायरस आहे, त्याचं कोट प्रोटीन (व्हायरसच्या कवचाचं प्रोटीन) आरएनएच्या एका छोट्याशा हेअरपिनला (स्वतःवरच दुमडलेल्या तुकड्याला) घट्ट पकडतं, मग काय, आपल्या जीनच्या शेवटच्या भागात असे हेअरपिन ओळीनं टाकले आणि कोट प्रोटीनला जीएफपी जोडून पेशीत सोडलं की झालं. एएसएच१ नावाच्या यीस्टच्या जीनचा आरएनए आईपेशीतून तिला फुटलेल्या कळीच्या (नव्या पेशीच्या) टोकाकडे जाताना त्यांनी असाच पाहिला. पुढे २४ हेअरपिन लावायची रीत पडली, एका हेअरपिनवर प्रोटीनची जोडी बसते म्हणून एका रेणूवर ४८ पर्यंत जीएफपी जमतात आणि ठिपका उठून दिसतो. मोकळं फिरणारं जीएफपी सगळीकडे धूसर उजेड करतं, म्हणून बरेचदा त्याला केंद्रकात नेणारा सिग्नल जोडतात, बाहेर अंधार राहतो.

नागपूर-विदर्भात सिकलसेल माहीत नाही असं घर कमीच, म्हणून बीटा-ग्लोबिनचं (हिमोग्लोबिनचा एक भाग बनवणाऱ्या जीनचं) उदाहरण इथं द्यायलाच पाहिजे. सहाव्या कोडॉनमध्ये (डीएनएच्या तीन अक्षरांच्या गटात) जीएजीचं जीटीजी झालं की हा आजार होतो, ते आपण कॉलेजात पाठ करतो, पण त्याच जीनचा आरएनए तयार होताना लोकांनी डोळ्यांनी पाहिलाय. इंट्रॉनमध्ये (आरएनएचा नंतर कापून टाकला जाणारा भाग) पीपी७ या एमएस२ सारख्याच दुसऱ्या व्हायरसचे हेअरपिन एका रंगात, एक्सॉनमध्ये (शिल्लक राहणारा भाग) एमएस२ चे दुसऱ्या रंगात, आणि इंट्रॉनचा रंग गेला म्हणजे स्प्लायसिंग, म्हणजे इंट्रॉन कापून बाकीचं जोडणं, झालं. २०१४ च्या कामात दिसलं की कधी रेणू जीनवरून सुटायच्या आधी स्प्लायसिंग होतं, कधी सुटल्यावर. सरासरीत हे कधीच कळलं नसतं! मात्र हे लॅबमध्ये वाढवलेल्या माणसाच्या पेशींत झालं, तयार लाल पेशीत तर केंद्रकच नसतं, आणि सिकलसेलचा इलाज यातून निघाला असं कोणी समजू नये.

लेझर जास्त मारला तर जीएफपी विझतं आणि पेशीही मरते, कमी मारला तर ठिपका दिसत नाही. फोकस सरकणं हा वेगळा ताप, पेशी ३७ अंशांवर ठेवायच्या आणि खोलीचं तापमान हललं की मायक्रोस्कोपचं स्टेज (पेशी ठेवायची पाटी) हलतं, नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना एसी चालू-बंद होत राहिला तर अख्खा व्हिडिओ वाया जातो.

स्पिनाचसारखे अॅप्टामर (रंगद्रव्याला पकडणारे आरएनएचे तुकडे, आपल्या आरएनएला जोडायचे) २०११ पासून आहेत, त्यात प्रोटीन लागत नाही, रंगद्रव्य आरएनएला चिकटल्यावरच चमकतं, पण एकेक रेणू पाहायला एकट्या स्पिनाचचा उजेड कमी पडतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपल्याला दिसतो तो टॅग, म्हणजे आपण लावलेली चमकती खूण, आरएनए स्वतः नाही. यीस्टमध्ये असं आढळलं की कोट प्रोटीन इतकं घट्ट बसतं की आरएनए तुटला तरी हेअरपिनचा तुकडा शिल्लक राहतो आणि चमकत राहतो, अन् आपण त्याला अख्खा रेणू समजतो. म्हणून नंतर हेअरपिन बदलून पकड सैल केली, आणि तरीही तोच आरएनए फिशनं दोन टोकांना वेगळ्या रंगाचे प्रोब लावून तपासल्याशिवाय ठिपके मोजू नयेत.